व्यवसाय-व्यवस्थापनाची पदविका आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी उच्च शिक्षणाविषयी दोन शब्द सांगावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही १९७६ साली मॅट्रिक झालो. त्या वेळी परीक्षेचे नाव एस.एस.सी. असे बदलले होते. पण आमचे वडील अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पुढे अध्यापनाचे दोन वर्षांचे शिक्षण घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळांतून अडतीस वर्षे पाढे, अपूर्णांक आणि व्याजाची उदाहरणे शिकविली व २०१७ साली सेवानिवृत्त झालो. अशा माणसाने व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेविषयी, म्हणजे हल्ली मुले ज्यास पी.जी.डी.एम. म्हणतात त्याविषयी, काय सांगावे? त्या विद्येत आमचा अधिकार नाही. तरीही उभे राहिलो, याचे कारण असे की या शिक्षणाच्या वाटेवर आमच्या घराने एक ठेच खाल्ली आहे आणि ती आमच्या चुकीने खाल्ली आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. पुढचा गप्प बसला तर मागचा शहाणा व्हावा कसा? म्हणून आमची चूक आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा तांब्यापितळेच्या भांड्यांचा, हे येथे सांगावयास नको. ज्या घरी पूर्वी हंडे, घागरी, बंब आणि पराती यांची रास असे, तेथे स्टेनलेस स्टील व प्लास्टिक आले. कित्येकांनी दुकाने मिटविली, कित्येकांनी नोकऱ्या धरल्या. आमच्या धाकट्या बंधूंनी मात्र तालुक्याच्या गावी वडिलांचे दुकान चालविले आहे. आम्ही थोरले, नोकरदार आणि म्हणावयाचे ‘शिकलेले’. त्यामुळे घरातील शिक्षणविषयक प्रत्येक गोष्ट आम्हांस विचारून करावयाची, असा शिरस्ता पडून गेला.

बंधूंची कन्या, म्हणजे आमची पुतणी, २०१८ साली बी.कॉम. झाली. व्यवस्थापनाचे शिक्षण घेण्याची तिची फार इच्छा होती. एका शहरातील संस्थेचे रंगीत माहितीपत्रक तिच्या हाती पडले. ‘काका, आपण एकदा पाहून या,’ असे ती म्हणाली. आम्ही गेलो. काचेची टोलेजंग इमारत, गार हवेचे वर्ग, गळ्यात पट्टी घातलेले नम्र कर्मचारी, भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांची बोधचिन्हे! अडतीस वर्षे गळक्या छपराखाली शिकविलेला मनुष्य त्या इमारतीनेच दिपून गेला. आम्ही घरी येऊन सांगितले, संस्था उत्तम आहे. आमच्या शब्दाखातर दीड लाखांचा पहिला हप्ता भरला. त्यातील पंचाहत्तर हजार आमच्या निवृत्तीच्या पुंजीतले आणि उरलेले पंचाहत्तर हजार भावजयीच्या पाटल्या गहाण ठेवून आणलेले.

दुसऱ्या हप्त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे म्हणून बंधू बँकेत गेले. तेथील अधिकाऱ्याने कागद चाळले आणि एकच प्रश्न विचारला : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे मान्यतापत्र कोठे आहे? पुतणीने संस्थेत विचारणा केली. आज देतो, उद्या देतो, असे होता होता कळून आले की त्या अभ्यासक्रमास ती मान्यता मुळी नव्हतीच. परराज्यातील कोणा विद्यापीठाशी आमचा संबंध आहे, असे मोघम उत्तर मिळाले. शेवटी तिने ती जागा सोडली. पुष्कळ पत्रे लिहून पंचवीस हजार रुपये परत आले. सव्वा लाख गेले आणि मुलीचे एक वर्ष गेले. संस्थेचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. आम्ही अडतीस वर्षे मुलांना, उदाहरण सोडविण्यापूर्वी काय दिले आहे ते नीट वाचा, असे बजावीत आलो. आणि प्रत्यक्ष घरच्या मुलीच्या वेळी आम्ही इमारत वाचली, कागद वाचला नाही. त्या दिवशी भावजयीच्या मोकळ्या मनगटांकडे पाहण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही. त्या माउलीने मात्र एका शब्दाने दोष दिला नाही. आणि तेच आम्हांस अधिक लागले.

यानंतर आम्ही जे प्रथम करावयास हवे होते ते केले, म्हणजे विषयाचा अभ्यास केला. त्यात जे कळले ते येणेप्रमाणे.

पहिली गोष्ट पदवी आणि पदविका यांची. आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की पदविका ही पदवीच्या खालची पायरी. शाळामास्तराची पदविका तशी होती खरी, पण येथे प्रकार निराळा आहे. आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने विद्यापीठांस आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांसच ठेवला आहे. विद्यापीठाच्या छत्राखाली नसलेल्या स्वायत्त संस्थेने कितीही उत्तम शिकविले, तरी तिला पदवी देता येत नाही. म्हणून ती पदविका देते. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेच्या उभारणीत डॉ. विक्रम साराभाई व शेठ कस्तुरभाई लालभाई यांचा मोठा वाटा होता आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाचे साहाय्य होते. कलकत्त्याच्या संस्थेस तेथीलच एम.आय.टी.चे. या नामांकित संस्थादेखील कित्येक दशके पदविकाच देत होत्या. त्यांच्यासाठी २०१७ साली स्वतंत्र कायदा झाला, तो ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला, आणि तेव्हापासून त्यांस पदवी देण्याचा अधिकार मिळाला. जमशेदपूर येथील १९४९ साली निघालेल्या एक्स.एल.आर.आय. या प्रसिद्ध संस्थेची ओळख तिच्या पदविकेनेच झालेली आहे. उलट मुंबई विद्यापीठाने १९६५ साली काढलेल्या जमनालाल बजाज संस्थेत विद्यापीठाची पदवी मिळते. तात्पर्य, पदविका हा शब्द ऐकून नाक मुरडू नये. आणि तो शब्द ऐकून भुलूही नये. शब्दामागे कोण उभे आहे ते पाहावे.

दुसरी गोष्ट मान्यतेची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद १९४५ साली सल्लागार मंडळ म्हणून स्थापन झाली व १९८७ च्या कायद्याने तिला अधिकार प्राप्त झाले. स्वायत्त संस्थेच्या पी.जी.डी.एम.ला या परिषदेची मान्यता लागते. मान्यतापत्रात संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव, जागांची संख्या आणि मान्यतेचा काळ स्पष्ट लिहिलेला असतो. संस्थेला मान्यता आहे एवढ्याने भागत नाही. आपले मूल ज्या अभ्यासक्रमास बसणार त्याचे नाव त्या पत्रात आहे काय, हे बोट ठेवून पाहावे. ही यादी परिषदेच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. त्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही. पूर्ण पदविका ही किमान चोवीस महिन्यांची असते. याखेरीज दोन नावे लक्षात ठेवावीत. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, ज्यास एन.बी.ए. म्हणतात, ते शिक्षणाचा दर्जा तपासते. आणि १९२५ साली स्थापन झालेला भारतीय विद्यापीठ संघ काही पदविकांस एम.बी.ए.शी समकक्षता देतो. ज्यांना पुढे पीएच.डी. करावयाची अथवा सरकारी नोकरीस अर्ज करावयाचा, त्यांस ही समकक्षता फार उपयोगी पडते. आणखी एक सांगावयाचे, मान्यताप्राप्त संस्थेस विद्यार्थ्याच्या मूळ गुणपत्रिका अडवून ठेवता येत नाहीत. कोणी तसे धमकावले तर भिऊ नये.

तिसरी गोष्ट प्रवेशाची. पदवीधर विद्यार्थ्यास किमान पन्नास टक्के, राखीव प्रवर्गास पंचेचाळीस टक्के गुण हवेत आणि त्याने कॅट, झॅट, सीमॅट, मॅट, आत्मा, जीमॅट अथवा राज्याची सीईटी यांपैकी एखादी प्रवेशपरीक्षा दिलेली हवी. ‘परीक्षेची आवश्यकता नाही, आजच जागा निश्चित करा,’ असे जेथे ऐकू येईल तेथून पादत्राणे पायात घालून सरळ घरी यावे.

चौथी गोष्ट नोकरीच्या आश्वासनाची. माहितीपत्रकात ‘सरासरी वार्षिक वेतन सहा लाख’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. आम्ही गणिताचे शिक्षक. म्हणून फळ्यावर मांडावे तसे सांगतो. दहा विद्यार्थी आहेत. नऊ जणांस वर्षाला चार लाख मिळाले. त्यांचे झाले छत्तीस लाख. दहावा कोणी हुशार किंवा आधीचा अनुभवी, त्यास चोवीस लाख मिळाले. एकूण साठ लाख. दहाने भागले, सरासरी सहा लाख! छापलेला आकडा खोटा नाही, पण दहांतील एकासही सहा लाख मिळालेले नाहीत. म्हणून सरासरी विचारू नये; सर्वांची वेतने क्रमाने लावली असता मधोमध कोणता आकडा येतो, तो विचारावा. त्यास मध्यक म्हणतात. शिवाय दहांपैकी किती जणांस नोकरीच मिळाली नाही, हेही विचारावे. हा प्रश्न विचारताच ज्याची चर्या बदलते, त्याचे उत्तर तेथेच मिळाले असे समजावे.

पाचवी गोष्ट कर्जाची. शैक्षणिक कर्जाची आपल्या लोकांस एक तर फार भीती वाटते अथवा मुळीच वाटत नाही, दोन्ही वाईट. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास, सरकारी हमी योजनेच्या आधारामुळे, बँका सामान्यतः घर अथवा जमीन तारण मागत नाहीत. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. तथापि हप्ते थांबले म्हणून व्याज थांबत नाही. समजा, सहा लाखांचे कर्ज आहे, दर शेकडा दहा आणि मुदत सात वर्षे. हप्ता दरमहा सुमारे दहा हजारांचा बसतो, आणि सात वर्षांत एकूण सुमारे आठ लाख सदतीस हजार भरावे लागतात. शिकत असतानाच्या काळाचे व्याज त्याहून वेगळे. चार लाख वार्षिक वेतनाच्या मुलाच्या हाती दरमहा तेहतीस हजारांच्या आतच पडणार. त्यातून दहा हजार हप्ता, शहरातील खोलीचे भाडे, खाणावळ आणि प्रवास वजा जाता काय उरते, हे प्रवेश घेण्यापूर्वी आईवडील व मूल यांनी एकत्र बसून कागदावर मांडावे. ज्या घरी हे गणित मांडले जाईल, तेथे कर्ज घेण्यास भिऊ नये.

आता पुतणीची हकीकत पुढे सांगतो. कारण आतापर्यंत आम्ही धोक्याच्याच गोष्टी सांगितल्या आणि तेवढ्यावर थांबलो तर आपला गैरसमज होईल.

त्या वर्षी ती घरी परतली. रडत बसली नाही. दुकानात वडिलांच्या मदतीस बसली आणि रात्री अभ्यास करू लागली. पुढल्या खेपेस प्रवेशपरीक्षा देऊन २०२० साली तिने एका मान्यताप्राप्त संस्थेत जागा मिळविली. या वेळी मान्यतापत्र तिने स्वतः वाचले, मग आम्ही वाचले आणि शेवटी बँकेच्या त्याच अधिकाऱ्याने वाचून कर्ज मंजूर केले. पण काळ कोणता! त्या वर्षी करोनाची साथ. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, ऐन लग्नसराईत दुकान बंद राहिले, आणि पुतणीचे पहिले वर्ष घरच्या माडीवर संगणकासमोर बसून गेले. बंधू हळूच आम्हांस म्हणाले, ‘दादा, एवढे पैसे घालून पोर घरीच बसलीय. या खेपेसही फसलो नाही ना?’ आम्हांस उत्तर सुचले नाही.

उत्तर तिनेच दिले. माडीवर जे शिकवीत, ते जिना उतरून ती दुकानात आणू लागली. हिशोबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन, मनुष्यबळ, उत्पादन आणि भांडवल असे पहिल्या वर्षाचे विषय. शिकविण्याची तऱ्हाही आमच्याहून निराळी. एखाद्या धंद्यावर प्रत्यक्ष आलेला पेचप्रसंग विद्यार्थ्यांपुढे ठेवतात आणि विचारतात, त्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? या प्रकरण-पद्धतीत पाठांतर चालत नाही. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो आणि तो चारचौघांत निभावून न्यावा लागतो. एकदा त्यांस एखाद्या लहान धंद्याचा अभ्यास करून टिपण लिहावयास सांगितले. तिने आपलेच दुकान निवडले.

पुस्तकात मालखरेदीचे एक सूत्र आहे. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ते १९१३ साली मांडले. सूत्र ऐकून भिण्याचे कारण नाही. आपल्या दुकानातील उदाहरण घेऊन सांगतो. आकडे सोयीसाठी पुरे केले आहेत. पूजेचे तांबे वर्षाला बाराशे खपतात. नाशिकच्या भांडीबाजारात जाऊन माल आणण्याच्या प्रत्येक खेपेस गाडीभाडे, हमाली आणि बुडालेला दिवस मिळून बाराशे रुपये पडतात. एक तांब्या पाचशेचा. तो वर्षभर फळीवर राहिला तर दहा टक्क्यांप्रमाणे पन्नास रुपये व्याजाचे बुडतात. आता एका खेपेस किती तांबे आणावेत? बंधू सहाशे आणीत. खेपा दोन, खर्च चोवीसशे. त्यांना वाटे, यात बचत झाली. पण फळीवर सरासरी तीनशे तांबे पडून राहत; त्यांचे व्याज पंधरा हजार. एकूण सतरा हजार चारशे. कोणी म्हणेल, दरमहा शंभरच आणू. मग खेपा बारा, खर्च चौदा हजार चारशे, व्याज अडीच हजार. एकूण सोळा हजार नऊशे. सूत्राने उत्तर येते दोनशे चाळीस. खेपा पाच, त्यांचा खर्च सहा हजार; फळीवर सरासरी एकशे वीस, त्यांचे व्याज सहा हजार; एकूण बारा हजार. विक्री तीच, तांबे तेच, गिऱ्हाईक तेच, आणि एका जिनसामागे वर्षाला पाच हजार चारशे रुपये वाचले.

बंधूंनी हे ऐकून घेतले आणि विचारले, ‘बाई, तुझे सूत्र दर महिन्यास सारखी विक्री धरते की नाही?’ ती म्हणाली, ‘हो.’ ‘मग धनत्रयोदशीच्या आठवड्यात आणि लग्नसराईत दोनशे चाळीस तांबे किती दिवस पुरतील?’ ती निरुत्तर झाली. आणि आम्हांस त्या निरुत्तर होण्याचे मोठे समाधान वाटले. कारण दुसऱ्या दिवशी बापलेक एकत्र बसली, मागील तीन वर्षांच्या वह्या काढल्या, हंगामाचे महिने वेगळे केले आणि उरलेल्या महिन्यांपुरते ते सूत्र लावले. पुस्तकाने दुकानास शिकविले आणि दुकानाने पुस्तकास दुरुस्त केले. आमच्या मते या शिक्षणाचे खरे मर्म हेच आहे.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. गिऱ्हाईक जुनी भांडी देऊन नवी नेते, आपण मोड वजनावर घेतो, घडणावळ लावतो आणि फरक रोख घेतो. वडिलांपासूनची रीत अशी की मोड मागच्या खोलीत टाकावी आणि भाव चढला की विकावी. भाव चढतो, तेव्हा आणखी चढेल म्हणून थांबावे. उतरतो, तेव्हा आता कशास विकावी म्हणून थांबावे. टिपणासाठी पुतणीने ती खोली उघडली आणि सगळी मोड काट्यावर घातली. चार क्विंटलांच्या वर भरली. किंमत सहज लाखाच्या पुढे. त्याच वेळी बंधू पतसंस्थेचे कर्ज काढून माल भरीत होते आणि त्यावर व्याज देत होते. तिने एका कागदावर डाव्या बाजूस मोडीची किंमत आणि उजव्या बाजूस कर्जाची रक्कम लिहिली व तो कागद वडिलांपुढे ठेवला. तोंडाने काही बोलली नाही.

बंधू प्रथम रागावले. ‘आजोबांपासून चालत आलेली रीत, तू काल शिकून मला सांगतेस!’ असे म्हणून उठून गेले. आम्ही त्या वेळी तेथेच होतो. आमच्या मनात निराळाच हिशोब चालला होता. २०१८ साली पंचाहत्तर हजारांसाठी ज्या घरातील पाटल्या गहाण पडल्या, त्याच घराच्या मागच्या खोलीत त्याहून अधिक किमतीचे पितळ धूळ खात पडले होते! त्या खोलीस कुलूप होते आणि किल्ली भावजयीच्याच कमरेला होती. आम्ही तिघेही वडील माणसे, एक व्यापारी, एक गणिताचा मास्तर, एक संसार चालविणारी गृहिणी. पण कोणाच्याही डोळ्यांस ते धन दिसले नाही. वस्तू डोळ्यांपुढे असून न दिसणे हेच अज्ञान, आणि ती दिसू लागणे हीच विद्या. चार दिवसांनी बंधूंनी स्वतः होऊन मोड विकली, पतसंस्थेचे कर्ज फेडले आणि मोडीची वेगळी वही घातली. ती वही आजही चालू आहे.

२०२२ साली पुतणीस पदविका मिळाली. हल्ली ती पुण्यात एका कारखान्याच्या मालपुरवठा खात्यात काम करते. वेतन माहितीपत्रकातल्या सरासरीहून पुष्कळ कमी होते. पण मध्यकाच्या आसपास होते आणि ते तिला आधीच ठाऊक होते, म्हणून निराशा झाली नाही. कर्जाचे हप्ते ती स्वतः भरते. २०२४ च्या दिवाळीत तिने आईच्या पाटल्या सोडवून आणल्या. आम्ही आमचे पंचाहत्तर हजार मागितले नव्हते. तिने ते देऊ केले, तेव्हा आम्ही घेतले नाहीत. ती आमच्या चुकीची फी होती. ती आम्हीच भरली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, दुकान सोडून मुलगी शेवटी नोकरीसच गेली, मग दुकानास काय लाभ? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की प्रत्येक मुलाने दुकानात बसावे असा आग्रह आपण धरू नये, आणि प्रत्येक मुलाने दुकान सोडावे असाही धरू नये. मात्र जो कोठेही जाईल त्याने घरच्या धंद्याचा हिशोब एकदा तरी समजून घेऊन जावे. ज्यास आपल्या बापाचे दुकान समजले, त्यास कारखाना समजावयास वेळ लागत नाही. आणि बापांनीही, मूल काही सांगू लागले तर चार दिवस रागवावे, पण पाचव्या दिवशी तो कागद पाहावा.

पदविकेचे शिक्षण सर्वांनीच घ्यावे, असेही आमचे म्हणणे नाही. ज्याला माणसांत मिसळण्याची आवड नाही, आकड्यांचा कंटाळा आहे, केवळ शेजारच्याने घेतली म्हणून जो घेऊ पाहतो, त्याने दोन वर्षे आणि लाखो रुपये घालू नयेत. पदवी झाल्यावर वर्ष-दोन वर्षे कोठेतरी काम करून मग या शिक्षणास जावे, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे. पुतणीचे जे वर्ष बुडाले असे आम्ही समजत होतो, ते दुकानात गेलेले वर्षच पुढे तिला वर्गात सर्वांत उपयोगी पडले, असे ती सांगते. यामुळे आमची चूक धुतली जात नाही. पण मनास थोडा दिलासा मिळतो.

आता मंडळापुढे नम्रपणे दोन सूचना ठेवतो व भाषण आटोपते घेतो.

पहिली सूचना : आपले मंडळ उत्तीर्ण मुलांचा सत्कार करते, ते योग्यच आहे. पण त्याबरोबरच प्रवेशाच्या हंगामात, मे ते जुलै, तीन-चार जाणत्या मंडळींची एक लहान समिती नेमावी. कोणाही ज्ञातिबंधूने शिक्षणसंस्थेत पहिला रुपया भरण्यापूर्वी कागद या समितीस दाखवावेत. मान्यतापत्र, शुल्काचा तपशील, कर्जाचे गणित एवढे तिने तपासून द्यावे. या कामास पैसा लागत नाही. एका रविवारची सकाळ लागते. समितीत आपली पुतणी येण्यास तयार आहे. आणि मास्तरकीची सवय असल्यामुळे गणिते तपासण्यास आम्हीही हजर आहोत.

दुसरी सूचना : आज येथे सत्कार होत असलेल्या मुलामुलींपैकी जी व्यवस्थापन, वाणिज्य अथवा हिशोबतपासणी शिकत आहेत, त्यांनी वर्षातून आठ दिवस ज्ञातीतील एखाद्या लहान दुकानाचा हिशोब मांडून द्यावा. कित्येक दुकानांच्या मागच्या खोल्या अजून उघडावयाच्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आमच्या हातून झालेली चूक चारचौघांत सांगताना आम्हांस लाज वाटली नाही असे नाही. पण ज्या मुलीचे नुकसान झाले, तिनेच आम्हांस हे सांगण्याची परवानगी दिली आणि म्हणाली, ‘काका, कोणाच्या तरी पाटल्या वाचतील.’ तेवढे झाले तरी आजचे बोलणे सार्थकी लागले असे समजू.  कुलस्वामिनी आपणा सर्वांस सुबुद्धी व यश देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.